आधी परांची, मग पॅनेल: जुन्या वसाहतीची ऊर्जा शून्याजवळ नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाळीस वर्षे जुनी वसाहत, चार मजल्यांच्या ९ इमारती, प्रत्येकीत १६ घरे, म्हणजे १४४ बिऱ्हाडे. मधल्या मोकळ्या जागेत आणखी २ इमारती व्हायच्या आहेत. एका सल्लागारांनी समितीला सांगितले आहे की सगळ्या गच्च्यांवर सौर पॅनेल टाका, जुने बॉयलर काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर आत ओढणारी यंत्रे) बसवा, की वसाहत ‘शून्य ऊर्जे’ची झाली. हे खरेच होईल का, सुरुवात कुठून करावी, आणि पुढच्या महिन्यात खिडक्या बदलण्याच्या निविदा उघडायच्या आहेत त्या उघडाव्यात की थांबवाव्यात, असे तुम्ही विचारले आहे.

जुन्या निवासी इमारतींची ऊर्जा कमी करणे हेच माझे काम आहे आणि तुमच्यासारख्या वसाहतींत मी बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र दोन गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर खूप अवलंबून आहे. बॉयलर आहेत म्हणजे तुमच्याकडे थंडी आहे हे उघड आहे. पण ती किती महिने टिकते आणि उन्हाळा किती तापतो ते कळत नाही. दुसरे, भिंती कशाच्या आहेत? भरीव विटेच्या, मध्ये पोकळी ठेवलेल्या दुहेरी, की कारखान्यातून आणून उभ्या केलेल्या काँक्रीटच्या? मी भरीव वीट धरून चालतो. वेगळे काही असेल तर आकडे बदलतील. कामाचा क्रम तोच राहील.

‘शून्य’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण बहुतेक वाद तिथेच होतात. युरोपीय संघाच्या २०१० च्या इमारत-ऊर्जा निर्देशामुळे ‘जवळजवळ शून्य ऊर्जा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. २०१८ च्या अखेरीपासून नव्या सरकारी इमारतींना आणि २०२० च्या अखेरीपासून सगळ्याच नव्या इमारतींना तो लागू झाला. २०२४ च्या सुधारित निर्देशाने २०३० पासून नव्या इमारतींसाठी ‘शून्य उत्सर्जन’ ही पुढची पायरी ठेवली आहे. मूळ व्याख्येचे दोन भाग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी इमारतीची गरजच अतिशय कमी असावी. मग ती उरलेली गरज बऱ्याच अंशी जागेवरच्या किंवा जवळपासच्या अक्षय स्रोतांतून भागावी. ‘अतिशय कमी’ म्हणजे किती, हे प्रत्येक देशाने आपापल्या हवामानाप्रमाणे ठरवायचे. तुमच्या सल्लागारांनी पहिला भाग सोडून थेट दुसऱ्याला हात घातला आहे.

त्यांना हेही विचारा की त्यांच्या शून्यात काय काय धरले आहे. त्या निर्देशाच्या हिशेबात घर गरम किंवा थंड करणे, गरम पाणी, हवा खेळती ठेवणे आणि इमारतीची स्वतःची दिवाबत्ती येते. फ्रिज, वॉशिंग मशीन, स्वयंपाकाची शेगडी येत नाही. लिफ्ट, पाण्याचे पंप, आवारातले दिवे कुठल्या खात्यावर टाकायचे हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा. नाहीतर वर्षभराने दोघेजण एकाच वसाहतीचे दोन वेगळे आकडे घेऊन येतात आणि दोघेही खरे बोलत असतात.

आता गच्चीचा हिशेब. हा कागद-पेन्सिल घेऊन समितीसमोर करता येतो आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊ नका. इमारतीने ४०० चौरस मीटर जागा व्यापली आहे असे धरा; चार मजल्यांचे मिळून १६०० झाले. गच्चीही ४०० चीच, पण पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचे डोके, कठड्याची सावली आणि माणसाला फिरायला वाट एवढे सोडले की निम्मी हाती लागते. ओळींमध्ये अंतर ठेवून तिथे साधारण २८ किलोवॉटची पॅनेल बसतात. ढगाळ, थंड प्रदेशात एक किलोवॉटमागे वर्षाला सुमारे १००० युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) मिळतात, भरपूर उन्हाच्या प्रदेशात १५०० च्या आसपास. म्हणजे इमारतीला २८,००० ते ४२,००० युनिट. याला १६०० ने भागा: चौरस मीटरमागे १७ ते २६ युनिट. इमारत दहा मजल्यांची असती तर हाच आकडा ७ ते १० वर आला असता. मजले वाढले तरी गच्ची तेवढीच राहते.

दुसऱ्या बाजूला मागणी बघा. थंड प्रदेशातली, कुठलेही इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नसलेली जुनी इमारत नुसती उबदार ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५० ते २५० युनिट उष्णता लागते. हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो असे धरले तरी ५० ते ८० युनिट वीज झाली, आणि अंघोळीचे पाणी अजून धरलेलेच नाही. गच्ची देते १७ ते २६. याउलट, जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये ज्या चार जोडघरांपासून पॅसिव्ह हाउसची, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घरांची, सुरुवात झाली, त्या पद्धतीचा निकष घर गरम करण्यासाठी १५ युनिट उष्णतेचा आहे. जुन्या इमारतींसाठी पॅसिव्ह हाउस संस्थेचाच थोडा सैल निकष आहे. मध्य युरोपसारख्या हवामानात तो २५ चा. २५ ला तीनाने भागा, आठ-साडेआठ युनिट वीज आली. आता गच्चीवर पाणी तापवायला आणि लिफ्टलाही काही उरते. पॅनेल तीच, गच्ची तीच. फरक पडला तो भिंतीत.

तरीही हा वर्षाचा हिशेब झाला, आणि वर्षाची बेरीज फार काही झाकून ठेवते. मध्य युरोपात डिसेंबरमध्ये पॅनेलमधून जूनच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी वीज मिळते, आणि घराला उष्णता हवी असते ती डिसेंबरमध्येच. जूनमध्ये दुपारी गच्चीवरून बाहेर ढकललेली वीज आणि जानेवारीच्या संध्याकाळी १४४ घरांनी एकदम ओढलेली वीज वहीत एकमेकींना छेदून शून्य करतात. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र दोन्ही वेगवेगळ्या झेलाव्या लागतात. म्हणून मी प्रत्येक वसाहतीत दोन आकडे मागतो: वर्षाची बेरीज आणि सर्वांत कठीण आठवड्यातला सर्वांत मोठा भार. सल्लागाराच्या अहवालात दुसरा आकडा नसेल तर अहवाल अपुरा आहे असे समजा.

मग मागणी खाली कशी आणायची? इथे माझे म्हणणे ठाम आहे: तुमच्या वसाहतीचे भवितव्य परांचीशी बांधलेले आहे. इमारतीला बाहेरून परांची लागते ती गिलावा निखळायला लागला, ओल आली किंवा रंग काढायचा झाला की. नीट दुरुस्ती झाली तर पुढची पंचवीस-तीस वर्षे त्या भिंतीला कुणी हात लावत नाही. त्या काही महिन्यांत इन्सुलेशन झाले तर झाले. नुसता गिलावा आणि रंग करून परांची उतरली, तर वसाहतीने पुढच्या पिढीचा खर्च ठरवून टाकला.

जाडीचा हिशेब इथेच सांगतो, कारण त्यावर नेहमी अडते. एका विटेच्या गिलावा केलेल्या भिंतीतून जेवढी उष्णता जाते ती १०० धरा. बाहेरून १० सेंटिमीटर चांगले इन्सुलेशन लावले की ती साधारण १५ वर येते. आणखी १० सेंटिमीटर वाढवले की ८ वर. हे पाहून कुणीतरी म्हणणारच की पहिल्या दहातच सगळे काम झाले, पुढचे दहा कशाला? कारण खर्चाचा मोठा वाटा परांची, मजुरी, जाळी, गिलावा आणि खिडक्यांच्या कडा यांत जातो, आणि तो दोन्ही वेळी तेवढाच असतो. वाढीव जाडीला फक्त मालाचे पैसे पडतात. पण आज १० लावून दहा वर्षांनी आणखी १० चढवायचे म्हटले तर सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून, आणि तसे करणारी एकही वसाहत मला अजून भेटलेली नाही. थंड प्रदेशात मी १६ ते २० च्या खाली येत नाही. थंडी सौम्य असेल तर ८ ते १० सुद्धा पुरेसे होतात, आणि तिथे उरलेले पैसे उन्हापासून बचावाला लावावेत.

उन्हाळा तापत असेल तर खिडकीची सावली बाहेरून हवी. काचेतून आत आलेले ऊन आतला पडदा अडवत नाही. पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. बाहेरची झडप, सरकती जाळी किंवा पुरेसा पुढे आलेला छज्जा यांनी ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. दक्षिणेकडच्या खिडकीला आडवा छज्जा चालतो, कारण उन्हाळ्यात सूर्य उंच असतो. पूर्व-पश्चिमेला ऊन तिरके आत घुसते, तिथे उभी आडोशाची पट्टी किंवा उघडझाप करता येणारी झडपच हवी. (हे उत्तर गोलार्धाचे, दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिणेच्या जागी उत्तर वाचा.) या सगळ्याला लागणारे खिळे आणि कंसही परांची उभी असतानाच बसतात.

इन्सुलेशन लावले म्हणजे काम झाले असेही नाही. थंडीच्या पहाटे थर्मल कॅमेरा घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा. मला आठवते, एका इमारतीच्या निळ्या-जांभळ्या भिंतीवर प्रत्येक मजल्याला एकेक पिवळी पट्टी दिसत होती. बाल्कनीचा स्लॅब आतल्या स्लॅबमधूनच बाहेर आलेला, सलग काँक्रीटचा; उष्णता त्यातून सरळ बाहेर वाहत होती. भिंतीला जाड पांघरूण घालून हा स्लॅब उघडा ठेवला तर आतला कोपरा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा थंड राहतो आणि ओल तिथे धरते. अशा बाल्कनीला वर-खाली-पुढून गुंडाळता येते, किंवा ती कापून बाहेर स्वतःच्या खांबांवर नवी उभी करता येते. दुसरा मार्ग महाग आहे, पण बाल्कन्यांची सळई गंजलेलीच असेल तर मी तोच सुचवतो.

फटींचे शोधकाम मला या धंद्यात सगळ्यात आवडते. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायची, आतबाहेर ५० पास्कलचा दाबफरक ठेवायचा आणि घरभर फिरायचे. ओला केलेला हात भिंतीजवळून हळू फिरवला की कळते. लोक खिडकीकडे बोट दाखवतात. वारा येतो तो स्विचबोर्डमधून, सिंकखालच्या पाइपाच्या भोकातून, शटरच्या पट्ट्याच्या चिरेतून, जिन्यालगतच्या शाफ्टमधून. एका आजींनी स्विचबोर्डसमोर माझ्यासारखाच हात धरला आणि म्हणाल्या, “तीस वर्षं मी या खुर्चीत पायांवर पांघरूण घेऊन बसते, ते यामुळे होय!” पॅसिव्ह हाउसच्या निकषात या चाचणीत तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पट गळतीला परवानगी आहे, नूतनीकरणाला १ पट. जुन्या घरांत मला याच्या कितीतरी पट गळती सापडते.

मात्र फटी बुजवल्या की हवेचा नवा मार्ग करून द्यावाच लागतो. चार माणसांचे घर श्वास, स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला सुमारे १० लिटर पाणी हवेत सोडते. आधी ते फटींतून निघून जात होते. माझ्या सुरुवातीच्या काळातल्या एका कामात मालकांनी आधी फक्त खिडक्या बदलल्या, अगदी घट्ट बसणाऱ्या. भिंती आणि वायुवीजन ‘पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवले, आणि मीही पुरेसा आग्रह धरला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात उत्तरेच्या कोपऱ्यातल्या झोपायच्या खोलीत कपाट पुढे ओढले, तर मागे कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी होती आणि त्या खोलीत लहान मूल झोपत होते. तेव्हापासून वायुवीजनाचा आराखडा तयार नसेल तर मी घट्ट खिडक्यांना संमती देत नाही. किमान म्हणजे न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातून हवा बाहेर ओढणारा, आर्द्रतेप्रमाणे चालणारा पंखा आणि खोल्यांत ताजी हवा आत घेणारी झडप. कडक थंडीत बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र लावावे. त्याशिवाय २५ चा निकष गाठणे अवघड जाते.

आता यंत्रांकडे वळतो. भिंतीवर मी एवढा भर का देतो, ते दोन वसाहतींच्या इतिहासात दिसते. लंडनच्या दक्षिणेला २००२ मध्ये बेडझेड ही सुमारे १०० घरांची वसाहत उभी राहिली. जाड इन्सुलेशन, दक्षिणेकडे काचेची ओसरी, आणि लाकडाच्या भुशा-तुकड्यांवर चालणारे वीज-उष्णता संयंत्र. संयंत्र काही वर्षांतच बंद पडले आणि वसाहत गॅसच्या बॉयलरवर आली. पण घर गरम करायची गरज परिसरातल्या घरांच्या मानाने अगदी थोडीच राहिली, कारण भिंती बंद पडत नाहीत. दुसरे उदाहरण कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातले. ओकोटोक्स गावात २००७ पासून ५२ घरांची वसाहत उन्हाळ्याचे ऊन जमिनीत साठवत होती: ३७ मीटर खोल १४४ भोकांतून गरम पाणी फिरवून माती तापवायची आणि हिवाळ्यात तीच ऊब घरांत आणायची. २०१५-१६ च्या हिवाळ्यात घरे गरम करायची सगळी उष्णता उन्हातूनच आली. इतके चांगले चाललेले काम. पण यंत्रणा म्हातारी झाली, भाग बदलणे अवघड होत गेले आणि अखेर ती बंद करायचा निर्णय झाला. मला त्या प्रयोगाबद्दल मनापासून आदर आहे. त्यातून मी एवढेच घेतले की वसाहतीचे कुठलेही सामायिक यंत्र ठरवताना, वीस वर्षांनी ते कोण दुरुस्त करणार, या प्रश्नाचे लेखी उत्तर मागायचे.

हीट पंप योग्यच आहेत, पण शेवटून दुसरे. त्यांना पाणी जितके कोमट तितके बरे. पुरवठ्याचे तापमान एक अंश वाढले की विजेचा खर्च साधारण दोन-अडीच टक्क्यांनी वाढतो. जुन्या घरात रेडिएटरला ७० अंशांचे पाणी लागते. भिंती झाल्यावर त्याच रेडिएटरला ४५ अंश पुरतात, बदलावे लागत नाहीत, आणि पंपही अर्ध्याहून लहान घेता येतो. क्रम उलटा केला तर आज मोठे यंत्र विकत घ्याल आणि भिंती झाल्यावर ते गरजेपेक्षा कितीतरी मोठे ठरेल. मग ते सारखे चालू-बंद होते आणि लवकर झिजते.

एक साधी चाचणी तुम्ही या हिवाळ्यातच करू शकता, खर्च शून्य. कडक थंडीच्या आठवड्यात रहिवाशांना कल्पना देऊन बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणारे पाणी ५५ अंशांवर आणा आणि कुठली घरे तक्रार करतात त्यांची नोंद ठेवा. (नळाच्या गरम पाण्याची टाकी त्याच बॉयलरवर असेल तर तिचे तापमान ६० च्या खाली जाऊ देऊ नका, साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.) बहुधा तक्रारी येतील त्या वरच्या मजल्यावरच्या आणि टोकाच्या घरांतून. ती यादी म्हणजे तुमच्या इन्सुलेशनच्या कामाचा प्राधान्यक्रम.

आता वसाहत म्हणून एकत्र जाण्याचा फायदा. एकट्या इमारतीला जे जमत नाही ते नऊ इमारतींना जमते, त्याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. सगळी घरे एकाच मिनिटाला अंघोळीचे पाणी घेत नाहीत, त्यामुळे १४४ घरांची सामायिक यंत्रणा १४४ सुट्या यंत्रांच्या बेरजेपेक्षा खूपच लहान लागते. इमारतींच्या मधली जमीन कुणा एकीची नाही, पण जमिनीतली ऊब घेणारी भोके तिथेच पाडता येतात. ज्या इमारतीच्या गच्चीवर सावली पडते तिची भरपाई दुसरीची गच्ची करते, फक्त तुमच्याकडच्या वीज-नियमांत सामायिक जोडणीला मुभा आहे का ते आधी पाहा. आणि एकच गवंडी-पथक एकाच प्रकारच्या खिडकीची कड नऊ इमारतींत करत गेले की तिसऱ्या इमारतीपासून त्यांचा हात बसतो. ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण कामाचा दर्जा तिथेच ठरतो. नेदरलँड्समध्ये एनर्जीस्प्रोंग या उपक्रमाने याच पुनरावृत्तीचा उपयोग केला. घर मोजायचे, इन्सुलेशन-खिडक्यांसह अख्खा दर्शनी भाग कारखान्यात बनवायचा, जागेवर थोड्या दिवसांत चढवायचा आणि पुढच्या अनेक वर्षांच्या ऊर्जा-वापराची हमी द्यायची. साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या इमारतींना ते छान जमते. तुमच्या नऊ एकाच नकाशाच्या असतील तर जरूर चौकशी करा.

सामायिक नळ (सगळ्या इमारतींना एकाच जागेहून गरम पाणी नेणारे पाइप) टाकायचे ठरले तर पाण्याचे तापमान कमी ठेवा. जुन्या पद्धतीच्या ८०-९० अंशांच्या नळांतून उन्हाळ्यात, घरे जवळजवळ काहीच घेत नसताना, पुरवलेल्या उष्णतेचा मोठा भाग जमिनीलाच जातो. नव्या यंत्रणा ५०-६० अंशांवर चालतात. काही तर जमिनीच्याच तापमानाचे पाणी फिरवतात आणि प्रत्येक इमारतीत छोटा हीट पंप ठेवतात. पण हेही भिंती झाल्याशिवाय चालत नाही, म्हणजे पुन्हा परांची.

नव्या दोन इमारतींबद्दल तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, मला मात्र त्यांची काळजी वाटते. त्या स्वतः उत्तम होतील, नवे बांधकाम सोपेच असते. प्रश्न त्यांच्या सावलीचा आहे. ५० अक्षांशावर हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसोळा अंशच वर येतो. १२ मीटर उंच इमारतीची सावली ४० मीटर लांब पडते. २० अक्षांशावर त्याच दिवशी, त्याच वेळी ती ११ मीटरच असते. तेव्हा मोकळ्या जागेत इमारती कुठे आणि किती उंच, हे आजच्या नऊ इमारतींच्या खिडक्या आणि गच्च्या पाहून ठरवा. थंडीच्या दुपारी खिडकीतून येणारे ऊन ही फुकटची उष्णता आहे. नव्या इमारतीने ती जुन्या सोळा घरांपासून हिरावली तर हिशेब वसाहतीच्या पातळीवर तोट्यात जातो. वास्तुरचनाकारांकडून २१ डिसेंबरचा सावलीचा नकाशा मागा, सकाळी १०, दुपारी १२ आणि २ चा. आणि नव्या इमारतींच्या तळघरात सामायिक यंत्रणेची खोली आत्ताच राखून ठेवा. नंतर ती जागा वाहनांना जाते.

इथवरचा क्रम एकदा सांगतो, म्हणजे समितीला मांडता येईल: वर्षभराची बिले आणि थर्मल कॅमेऱ्याची फेरी, गच्ची, भिंती, खिडक्या आणि वायुवीजन एकाच परांचीत, मग लहान हीट पंप किंवा सामायिक नळ, मग पॅनेल. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशन पॅनेलच्या आधीच, कारण पॅनेल बसल्यावर गळती निघाली तर सगळे उतरवावे लागते. नऊ इमारतींचे पैसे एकदम नसतील, तर दरवर्षी एक इमारत पूर्ण करा. नऊ इमारतींत दरवर्षी थोडे-थोडे करू नका. अर्धवट कामांच्या सांध्यांत ओल धरते आणि रहिवाशांना फरकही जाणवत नाही. पहिली इमारत निवडताना जिचा गिलावा सर्वांत वाईट आहे ती घ्या, तिला परांची लागणारच आहे.

रहिवाशांबद्दल दोन गोष्टी. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घराला तीन बाजूंनी बाहेरची हवा लागते, मधल्या घराला एक-दोन. त्याच इमारतीत त्यांच्या बिलांत दुपटीचा फरक असू शकतो. मधला रहिवासी विचारणारच की माझा फायदा थोडा, मग वर्गणी सारखी का? त्याला उडवून लावू नका, त्याचे म्हणणे बरोबर आहे. उत्तर असे की त्याचे घर मधले असल्याने शेजाऱ्यांच्या उबेवर ते आजवर स्वस्तात तापत आले आहे, आणि गिलावा, गळती, बाल्कन्या यांची दुरुस्ती सगळ्यांच्याच मालकीची आहे. मी दुरुस्तीचा भाग समान आणि ऊर्जेचा भाग उघड्या क्षेत्रफळाप्रमाणे असा वाटा सुचवतो. ते सगळीकडे मान्य होत नाही, पण चर्चा तरी खऱ्या आकड्यांवर होते.

दुसरी गोष्ट बचतीच्या आश्वासनाची. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये जर्मनीतल्या सुमारे ३,४०० घरांची माहिती तपासली, तेव्हा प्रत्यक्ष वापर गणिताने काढलेल्या वापरापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी कमी निघाला. घर जितके वाईट, तितका फरक मोठा. गारठलेल्या घरात लोक एकच खोली तापवतात, अंगावर स्वेटर घालतात. म्हणजे गणितातली सगळी बचत बिलात उतरणार नाही, कारण जी उष्णता कुणी वापरतच नव्हते ती वाचणार कशी? काही भाग उबेच्या रूपाने मिळेल. हे आधीच सांगा: बिल कमी होईल, आणि आजींना पायांवर पांघरूण लागणार नाही. फक्त बिलाचे वचन दिले तर दोन वर्षांनी सभेत मान खाली घालावी लागते.

आता खिडक्यांच्या निविदा. माझे मत: पुढच्या दोन-तीन वर्षांत भिंतींचे काम होण्याची शक्यता असेल तर थांबवा. आज खिडकी जुन्याच जागी, भिंतीच्या मधोमध बसेल. उद्या बाहेरून १६ सेंटिमीटर इन्सुलेशन आले की ती खोल कोनाड्यात जाईल. उजेड कमी होईल, बाहेरची पायरी (खिडकीखालची, पाणी बाहेर टाकणारी उतरती पट्टी) आखूड पडून पाणी इन्सुलेशनवर ओघळेल, आणि चौकट कडेला भिडलेली असल्याने तिथे इन्सुलेशन वळवायला जागाच उरणार नाही. थंडीत ओल धरते ती नेमकी त्या कडेला. नीट केलेल्या कामात खिडकी विटेच्या बाहेरच्या कडेवर येते आणि इन्सुलेशन चौकटीवर तीन-चार सेंटिमीटर चढते.

थांबणे शक्यच नसेल, काही चौकटी कुजून पडायच्या बेतात असतील, तर निविदेला पुरवणी जोडा: खिडकी विटेच्या बाहेरच्या कडेला बसवायची, इन्सुलेशन वर चढवता येईल अशी रुंद चौकट घ्यायची, बाहेरची पायरी नंतर बदलता येईल अशी सुटी ठेवायची, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट आतून टेपने सांधायची, आणि प्रत्येक झोपायच्या खोलीत हवा आत घेणारी झडप द्यायची. बाकीच्या खिडक्यांचे रबर बदलून आणि बिजागऱ्या आवळून दोन हिवाळे सहज निघतात. हे काम वसाहतीतला सुतार एका दिवसात चार घरांत करतो. भिंतीचा आणि बाल्कनीचा छेद असलेले जुने नकाशे मिळाले तर इथेच टाका, उत्तरेच्या कोपऱ्यातल्या खिडकीची कड कशी करायची ते मी काढून देतो.